ग्रंथ, हात आणि मोजमाप

आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांच्या एकत्रीकरणाचा वाद आपल्याकडे पुनःपुन्हा डोके वर काढतो. सहा दशकांपूर्वी वाराणसीत डॉ. के. एन. उडुपा यांनी हाच प्रश्न संस्था उभारून सोडविण्याचा प्रयत्न केला. त्यांना काय साधले आणि काय अपुरे राहिले, हे आजच्या धोरणकर्त्यांनी पुन्हा वाचण्याजोगे आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने एक अधिसूचना काढली. आयुर्वेदाच्या शल्य आणि शालाक्य या शाखांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कोणत्या शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण द्यावयाचे, याची यादी तीत होती. सामान्य शल्यकर्मातील ३९ आणि डोळे, कान, नाक, घसा व दात यांच्याशी संबंधित १९, अशा एकूण ५८ शस्त्रक्रिया. भारतीय वैद्यक संघटनेने डिसेंबरमध्ये देशभर काम बंद ठेवून निषेध नोंदविला आणि ‘मिक्सोपॅथी’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. एका बाजूने रुग्णाच्या सुरक्षिततेचा मुद्दा मांडला, दुसऱ्या बाजूने सुश्रुताचा वारसा पुढे केला. शस्त्र कोणी हाती धरावे, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले. त्या शस्त्राचा परिणाम काय होतो, तो कोण मोजतो आणि त्याची नोंद कोठे ठेवली जाते, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या वादात नवे काही आढळत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत हाच वाद याहून तीव्रतेने झाला होता. समित्या नेमल्या गेल्या, अहवाल आले, विद्यार्थ्यांचे संप झाले, महाविद्यालये बंद पडली. या सगळ्या धामधुमीत एका माणसाने या प्रश्नाची मांडणीच बदलली. आयुर्वेदाची पदवी, पाश्चात्त्य शल्यविद्येचे उच्च शिक्षण, प्रयोगशाळेतील संशोधन, शासकीय समितीचे अध्यक्षपद आणि संस्थेची उभारणी अशा पाच निरनिराळ्या वाटा त्याच्या एकाच कारकिर्दीत येऊन मिळाल्या. डॉ. कटील नरसिंह उडुपा हे त्यांचे नाव. वैद्यकाच्या क्षेत्राबाहेर ते आज फारसे कोणाला आठवत नाही.

दुभंगलेली परंपरा

उडुपा यांचे काम समजून घ्यावयाचे तर आधी त्यांना मिळालेला वारसा कशा स्थितीत होता, हे पाहिले पाहिजे. सुश्रुतसंहिता ही काशिराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुतादी शिष्यांना केलेला उपदेश म्हणून सांगितली गेली आहे. त्यामुळे काशी ही भारतीय शल्यतंत्राची जन्मभूमी, असा अभिमान परंपरेने जपला. परंतु ग्रंथ जपणे आणि विद्या जपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मध्ययुगापर्यंत शास्त्री मंडळी संहिता आणि तिच्यावरील टीका शिकत व शिकवीत राहिली. प्रत्यक्ष शस्त्रकर्म मात्र हळूहळू अशा जातींच्या हाती गेले, ज्यांचा ग्रंथाशी संबंध उरला नव्हता.

याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजांच्या चाकरीतील कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने कपाळावरची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ती शस्त्रक्रिया पाहिली. तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी वीस वर्षांनी लंडनमध्ये तसाच प्रयोग केला आणि युरोपच्या आधुनिक नासासंधानाचा इतिहास तेथून सुरू झाला. आपल्याकडे हात पुण्यात होता, ग्रंथ काशीत होता आणि दोघांची गाठ पडत नव्हती. लंडनमध्ये मात्र त्या कृतीची तपासणी झाली, ती छापली गेली, शिकविली गेली आणि सुधारली गेली.

पंडित मदनमोहन मालवीयांना या दुभंगाची जाणीव असावी. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी आयुर्वेदाला आग्रहाने स्थान दिले आणि १९२६ मध्ये सर सुंदरलाल यांच्या नावाने रुग्णालय उभे राहिले. आयुर्वेद महाविद्यालयात संहितांबरोबर शवविच्छेदन, शरीरक्रिया आणि आधुनिक शल्यकर्मही शिकविले जाई. ‘आयुर्वेदाचार्य विथ मेडिसिन अँड सर्जरी’ हे त्या पदवीचे नावच तिच्या महत्त्वाकांक्षेची कल्पना देते. भास्कर गोविंद घाणेकर हे मराठी अध्यापक तेथे शिकवीत. ते स्वतः आधुनिक वैद्यकाचे पदवीधर होते आणि सुश्रुतसंहितेवर ‘आयुर्वेदरहस्यदीपिका’ ही हिंदी टीका त्यांनी लिहिली. शारीरस्थानातील वर्णने आधुनिक शरीररचनाशास्त्राशी पडताळून पाहण्याचा तो प्रयत्न होता. काशीच्या ज्या वातावरणात उडुपा घडले, ते हे होते.

उडुपीहून काशी, काशीहून बोस्टन

उडुपा यांचा जन्म १९२० साली दक्षिण कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, उडुपीच्या परिसरात झाला. वैद्यकी शिकण्यासाठी ते काशीस आले आणि त्यांनी तेथील आयुर्वेदाची पदवी मिळविली. पुढचा त्यांचा प्रवास त्या काळच्या आयुर्वेद पदवीधराच्या दृष्टीने असाधारण होता. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात त्यांनी शल्यविद्येचे पदव्युत्तर शिक्षण घेतले, कॅनडाच्या रॉयल कॉलेजची फेलोशिप मिळविली आणि परतल्यावर हिमाचल प्रदेशात शल्यचिकित्सक म्हणून काम केले.

बोस्टनमधील त्यांच्या संशोधनाचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. तेथील नामवंत शल्यविशारद जे. एंगलबर्ट डन्फी यांच्यासह त्यांनी जखम भरून येण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास केला आणि १९५५ मध्ये तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. जखम झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत त्या जागी शर्करायुक्त पायाभूत द्रव्ये साठतात आणि त्यानंतर कोलॅजेनचे तंतू तयार होऊन जखमेला बळकटी येते, असा क्रम या दोघांनी रासायनिक व सूक्ष्मदर्शकीय परीक्षणांनी मांडला. जखम ‘भरली’ किंवा ‘भरली नाही’ एवढेच न सांगता ती कोणत्या दिवशी कोणत्या टप्प्यावर आहे, हे मोजून सांगण्याची शिस्त त्यांच्या अंगी येथे बाणली. काशीतील त्यांचे पुढचे सगळे काम या शिस्तीच्या आधाराने झाले.

एक समिती आणि तिचे निदान

१९५८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आयुर्वेदाच्या सद्यःस्थितीचे मूल्यमापन करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा दत्तात्रय परशुराम करमरकर हे आरोग्यमंत्री होते. समितीचे अध्यक्षपद उडुपा यांच्याकडे आले. त्यापूर्वी या विषयाने तीन समित्या पाहिल्या होत्या. १९४६ ते १९४८ या काळातील चोप्रा समितीने दोन्ही पद्धतींच्या समन्वयाचा पुरस्कार केला होता. त्यानंतर पंडित समिती आली आणि जामनगरला संशोधन संस्था निघाली. मग दवे समितीने शिक्षणाच्या प्रमाणीकरणाचा विचार केला. प्रत्येक अहवालानंतर राज्ये आपापल्या मार्गाने जात राहिली.

शासनात दीर्घकाळ घालविलेल्या माणसाला समित्यांच्या अहवालांविषयी फार भाबडेपणा परवडत नाही. प्रश्न टाळावयाचा असेल तेव्हाही समिती नेमली जाते. उडुपा समितीचा अहवाल १९५९ मध्ये सादर झाला. त्याचे वेगळेपण असे की, तत्त्वचर्चेत न अडकता त्याने देशभरच्या शिक्षणाची, संशोधनाची, औषधनिर्मितीची आणि व्यवसायाची प्रत्यक्ष पाहणी केली. जे दिसले ते फारसे सुखावह नव्हते. मिश्र अभ्यासक्रमाच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा पदवीधर दोन्ही दारांवर पाहुणाच ठरत होता. आधुनिक डॉक्टर त्याला आपल्यातला मानीत नव्हते आणि परंपरानिष्ठ वैद्यांना तो भेसळयुक्त वाटत होता. विद्यार्थ्यांचा स्वतःचा कल बहुधा आधुनिक वैद्यकाच्या मान्यतेकडे होता आणि त्यासाठी ते रस्त्यावरही उतरत होते.

याची प्रतिक्रिया दुसऱ्या टोकाकडून आली. १९६३ मध्ये गुजरातचे आरोग्यमंत्री मोहनलाल व्यास यांच्या समितीने आधुनिक विषय वगळलेला ‘शुद्ध आयुर्वेद’ अभ्यासक्रम पुढे केला. पंडित शिव शर्मा यांच्यासारखे प्रभावी नेते या बाजूचे होते. पुणे-मुंबईतील वैद्यमंडळींतही शुद्ध विरुद्ध मिश्र हा वाद त्या काळी हिरिरीने लढला गेला. दोन्ही पक्ष अभ्यासक्रमात काय असावे, याविषयी भांडत होते. उडुपा यांचे लक्ष तोवर वेगळ्या गोष्टीकडे गेले होते. परंपरेने सांगितलेले उपचार खरोखर कितपत लागू पडतात, हे तपासण्याची जागा देशात कोठे आहे?

दोन शहरे, एकच वर्ष

ही जागा त्यांनी स्वतःच तयार केली. १९६० मध्ये बनारसच्या आयुर्वेद महाविद्यालयाचे रूपांतर आधुनिक वैद्यकीय महाविद्यालयात झाले आणि त्याची धुरा उडुपा यांच्याकडे आली. त्याच वर्षी मद्रासमध्येही देशी वैद्यकाची परंपरा असलेली संस्था किल्पॉक वैद्यकीय महाविद्यालय म्हणून उभी राहिली. वरवर पाहता दोन्ही घटना सारख्याच आहेत. देशी वैद्यकाची पाटी उतरली आणि तिच्या जागी एम.बी.बी.एस.ची लागली.

परंतु बनारसमध्ये पुढचे पाऊल पडले. १९६३ मध्ये त्याच आवारात भारतीय वैद्यकाची पदव्युत्तर संस्था सुरू झाली. आयुर्वेदाचे प्राध्यापक, त्यांचे विद्यार्थी, त्यांच्या रुग्णखाटा आणि त्यांच्या प्रयोगशाळा आधुनिक वैद्यकाच्या शेजारी, एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आल्या. जैवरसायनशास्त्राची उपकरणे, क्ष-किरण विभाग, विकृतिशास्त्राचे तज्ज्ञ वैद्यांना उपलब्ध झाले. १९७१ मध्ये या सगळ्याला ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस’ हे रूप मिळाले आणि उडुपा तिचे पहिले संचालक झाले.

पदवी-अभ्यासक्रमात दोन पद्धती एकत्र मिसळण्याऐवजी पदव्युत्तर संशोधनाच्या पातळीवर त्यांना समोरासमोर बसवावे, ही त्यांची प्रशासकीय युक्ती होती. अठरा वर्षांच्या मुलाला वात-पित्त-कफ आणि जंतुसिद्धान्त एकाच दिवशी शिकविले, तर त्याचा गोंधळ उडण्याची शक्यता अधिक. आपल्या शास्त्रात मुरलेला वैद्य आणि आपल्या शास्त्रात मुरलेला शल्यविशारद एकाच रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहिले, तर त्यांच्यातून उत्तर शोधता येण्याजोगा प्रश्न निघू शकतो. आरोग्यक्षेत्रातील नवनिर्मिती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर यंत्र किंवा औषध येते. उडुपा यांची सर्वांत मोठी नवनिर्मिती ही संस्थेची रचना होती.

कांडवेल, क्षारसूत्र आणि योग

या रचनेतून काय निघाले, याची तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण कांडवेलीचे. हिंदीत हिला ‘हडजोड’ म्हणतात. मोडलेले हाड सांधण्यासाठी ती पोटात देण्याची व वरून बांधण्याची रीत भारताच्या अनेक भागांत जुनी आहे. उडुपा आणि गुरुचरण प्रसाद यांनी साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात तिच्यावर प्रयोग केले. प्राण्यांतील अस्थिभंगांवर वनस्पतीचा अर्क देऊन सांधलेल्या हाडाचे बळ यांत्रिक पद्धतीने मोजले आणि किरणोत्सारी कॅल्शियमच्या साह्याने हाडात कॅल्शियम किती वेगाने शोषले जाते, याचा माग काढला. १९६४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हाड लवकर बळकट होत असल्याचे दिसले. नाव ‘हडजोड’ आहे, म्हणून हाड जोडते, हा विश्वास झाला. किती दिवसांत, किती बळाने आणि कोणत्या क्रियेतून, हा अभ्यास झाला. तरीही कांडवेलीला अस्थिरोगतज्ज्ञांच्या नेहमीच्या उपचारात अद्याप स्थान मिळालेले नाही. प्राण्यांवरच्या आशादायक प्रयोगापासून माणसांवरच्या निर्णायक चाचणीपर्यंतचा रस्ता आपल्याकडे बहुधा असाच अर्ध्यावर सुटतो.

दुसरे उदाहरण त्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, आणि त्याचे श्रेय मुख्यतः प्रा. पी. जे. देशपांडे या मराठी नावाच्या शल्यतंत्राच्या अध्यापकाकडे जाते. भगंदर हा व्याधी रुग्णाला लाजवणारा आणि शल्यविशारदाला सतावणारा आहे. गुदमार्गाजवळ पू वाहणारी नळी तयार होते. ती छेदून काढली तरी अनेकदा पुन्हा उद्भवते आणि छेद अधिक खोल गेल्यास मलावरोधाचे स्नायू दुखावण्याचा धोका असतो. सुश्रुताने नाडीव्रणासाठी क्षाराने भावित केलेल्या सूत्राचा उल्लेख केला आहे. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने निवडुंगाच्या कुळातील मानल्या जाणाऱ्या स्नुहीचा चीक आणि हळद यांनी असे सूत्र करण्याची कृती दिली आहे. ग्रंथात हे सर्व होते. व्यवहारात ते लुप्तप्राय झाले होते.

देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून या कृतीचे प्रमाणीकरण केले. लिननच्या मजबूत दोऱ्यावर स्नुहीच्या चिकाचे अकरा, मग चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे सात, आणि शेवटी चीक व हळदीचे तीन, असे एकवीस लेप वाळवून वाळवून द्यावयाचे. तो दोरा नळीतून ओवून बांधावयाचा आणि दर आठवड्याला बदलावयाचा. क्षार नळीचे अस्तर हळूहळू छेदत जातो, मागून निरोगी मांस भरत येते आणि रुग्ण दरम्यान हिंडूफिरू शकतो. दर आठवड्याला दोऱ्याची लांबी किती घटली, यावरून छेदनाचा वेग मोजता येतो. हे वैद्याच्या हाताचे कौशल्य राहिले खरे, पण आता ते दुसऱ्याला शिकविता येणारे, पडताळता येणारे कौशल्य झाले. १९७३ मध्ये देशपांडे आणि के. आर. शर्मा यांनी दोनशे रुग्णांचा पाठपुरावा ‘अमेरिकन जर्नल ऑफ प्रॉक्टॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध केला.

यापुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एकाहून अधिक केंद्रांत यादृच्छिक पद्धतीने नियंत्रित चाचणी घेतली. चिठ्ठी टाकावी तशा निःपक्ष रीतीने काही रुग्णांना क्षारसूत्र आणि काहींना नेहमीची शस्त्रक्रिया देण्यात आली. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने बरे होण्यास सरासरी आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. परंतु रोग उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के होते आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के. निष्कर्ष एकतर्फी नाही, यातच त्याचे मोल आहे. ज्याला लवकर बरे व्हावयाचे आहे त्याने काय निवडावे, ज्याला रुग्णालयात पडून राहणे परवडत नाही त्याने काय निवडावे, हे आता डॉक्टर आकडे समोर ठेवून सांगू शकतो. आयुर्वेद श्रेष्ठ की आधुनिक शल्यविद्या, या प्रश्नाची तेथे गरजच उरत नाही.

तिसरे उदाहरण योगाचे. सत्तरीच्या दशकात, योग हा राष्ट्रीय उत्सवाचा विषय होण्याच्या कितीतरी आधी, उडुपा यांनी राम हर्ष सिंह आदी सहकाऱ्यांसह आसने, प्राणायाम आणि ध्यान यांचा रक्तातील व मूत्रातील रसायनांवर काय परिणाम होतो, हे तपासण्यास सुरुवात केली. मानसिक ताणातून होणारे विकार आधी मनात, मग मन व शरीर दोन्हींत आणि अखेर एखाद्या अवयवात स्थिरावतात, अशी मांडणी त्यांनी ताण आणि योग यांवरील आपल्या पुस्तकात केली. आजच्या कसोटीवर त्यांपैकी अनेक प्रयोगांतील माणसांची संख्या अपुरी आणि तुलनेची रचना कच्ची ठरेल. प्रश्न विचारण्याची दिशा मात्र बरोबर होती.

जेथे गाडी अडली

उडुपा यांच्या कार्याचे गुणगान करून थांबणे त्यांच्यावरच अन्याय करणारे होईल. आयुर्वेदाच्या अनेक निष्ठावंतांना १९६० चे रूपांतर हा घाव वाटला. मालवीयांनी लावलेले पदवीशिक्षणाचे झाड तोडून त्याच्या फांदीवर पदव्युत्तर शिक्षणाचे कलम केले, असा त्यांचा आक्षेप होता आणि त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. बनारसमध्ये आयुर्वेदाचे पदवीशिक्षण पुन्हा सुरू होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. एकाच संस्थेत आधुनिक वैद्यकाची विद्याशाखा आणि आयुर्वेदाची विद्याशाखा अशा दोन स्वतंत्र शाखा झाल्या. आवार एकच राहिले, पण बढतीचे निकष, नियतकालिके, परिषदा आणि नियामक संस्था वेगवेगळ्या झाल्या. १९७० च्या कायद्याने भारतीय वैद्यकासाठी स्वतंत्र केंद्रीय परिषद आली, पुढे स्वतंत्र विभाग आणि २०१४ मध्ये स्वतंत्र आयुष मंत्रालय झाले. प्रत्येक पावलाने आयुर्वेदाला निधी आणि प्रतिष्ठा मिळाली, हे मान्य करावयास हवे. त्याचबरोबर खाटेपाशी समोरासमोर उभे राहण्याचे कारणही कमी होत गेले. दोन्हीकडे पाय रोवून उभा राहू शकणारा उडुपांसारखा माणूस संचालक असेपर्यंत भिंतीला दार असते. तो गेल्यावर केवळ नियमावलीच्या बळावर ते उघडे राहील, अशी व्यवस्था आपण केली नाही.

मोजण्याची संस्कृती

या संस्थेने पुढे जे सर्वांत लक्षणीय काम केले, ते आयुर्वेदाच्या बाहेरचे आहे, पण वृत्ती तीच आहे. प्रा. श्याम सुंदर यांनी बिहारमधील मुझफ्फरपूर येथे संशोधन केंद्र उभारून काळ्या आजारावर दीर्घकाळ काम केले. काळा आजार हा अत्यंत गरीब वस्त्यांचा रोग. त्याच्या रुग्णांना महिनाभर शिरेतून औषध देणे रुग्णालयालाही जड आणि कुटुंबालाही. मिल्टेफोसिन हे तोंडाने घ्यावयाचे औषध परिणामकारक आहे, हे त्यांच्या गटाने २००२ मध्ये, आणि लायपोसोमल अँफोटेरिसिनची एकच मात्रा पुरेशी ठरू शकते, हे २०१० मध्ये दाखविले. दोन्ही निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्येच आले. रुग्णाच्या अडचणीतून प्रश्न उचलावयाचा, तो रुग्णाच्या गावाजवळ तपासावयाचा आणि उत्तर जगासमोर पडताळणीसाठी ठेवावयाचे, हा तो संस्कार.

परंपरेच्या बाबतीत हे शक्य आहे, याचे दाखले थोडे नाहीत. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगभर त्या वनस्पतीकडे लक्ष वेधले. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीसारख्या औषधींवर संशोधनाची परंपरा उभी केली. चीनच्या तू यूयू यांना प्राचीन ग्रंथातील एका सूचनेवरून हिवतापाचे औषध सापडले आणि २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या तिघांनीही परंपरेचा आदर केला तो तिला कसोटीवर घासून.

आजच्या धोरणाने उडुपा यांच्याकडून नेमके काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे परिणामांची नोंद. ज्या ५८ शस्त्रक्रियांवरून इतके रण माजले, त्यांपैकी प्रत्येकीची नोंदवही सर्व शिक्षण-रुग्णालयांत सक्तीची असावी: रुग्ण किती, जंतुसंसर्ग किती, रोग उलटला किती, मृत्यू किती. हीच अट आधुनिक शल्यविभागांनाही लागू असावी, म्हणजे ती कोणाला शिक्षा वाटणार नाही. दुसरी, संयुक्त नेमणुका. मोठ्या सार्वजनिक वैद्यकीय संस्थांत अशी पदे असावीत, ज्यांचे वेतन, बढती आणि विद्यार्थी दोन्ही विद्याशाखांशी बांधलेले असतील. सौहार्दाच्या भाषणांनी जे होत नाही, ते पदरचनेने होते. तिसरी, अर्ध्यावर सुटलेल्या प्रयोगांसाठी निधी. कांडवेलीसारखे प्राण्यांवर आशादायक ठरलेले उपचार माणसांवरील चाचणीपर्यंत नेण्याचे काम खाजगी कंपन्या करणार नाहीत, कारण परसातल्या वेलीवर मक्तेदारी मिळत नाही. हे काम सार्वजनिक पैशानेच व्हावयास हवे. आणि चौथी, नकारात्मक निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे बंधन. जो उपचार चालत नाही असे ठरले, तोही जाहीर झाला पाहिजे. तो लपविला, तर जो चालतो त्याच्यावरचा विश्वासही उडतो.

यात खर्च आहे, त्याहून अधिक धीर लागणार आहे. क्षारसूत्राच्या पहिल्या प्रयोगांपासून राष्ट्रीय चाचणीच्या निष्कर्षापर्यंत पाव शतक गेले. निवडणुकीच्या चक्राला एवढा काळ मानवत नाही, आणि घोषणांना तर नाहीच. पण पूर्वांचल आणि पश्चिम बिहारच्या खेड्यांतून रेल्वेने, बसने सर सुंदरलाल रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या माणसाला आपला उपचार कोणत्या संहितेतला आहे वा कोणत्या नियतकालिकातला, याच्याशी कर्तव्य नसते. तो बरा होईल का, किती दिवसांत, किती पैशांत, आणि रोग पुन्हा उलटेल का, एवढेच त्याला कळावयाचे असते. या चार प्रश्नांची उत्तरे जी व्यवस्था आकड्यांत देऊ शकेल, तिच्या पदवीचे नाव काय आहे, यावर फार काळ भांडण चालणार नाही.